एक नदी, दोन भाऊ, तीन कंपन्या : जर्मनीतील हेर्त्सोगेनआउराख

गोव्याच्या फुटबॉल मैदानांवर दिसणारे तीन पट्ट्यांचे बूट आणि झेप घेणाऱ्या प्युमाचे चिन्ह असलेले बूट ही परस्परांशी स्पर्धा करणारी दोन नावे म्हणून सर्वांच्या परिचयाची आहेत. मात्र ही दोन्ही नावे एकाच घरात जन्मलेल्या दोन सख्ख्या भावांची आहेत आणि दोन्ही कंपन्यांची मुख्यालये आजही जर्मनीतील एकाच लहानशा गावात आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याच गावात तिसऱ्या एका जागतिक उद्योगाचेही मुख्यालय आहे. वडोदरा आणि पुणे परिसरात बेअरिंगचे कारखाने चालवणारी शेफलर कंपनी मूळची तिथलीच. या गावाचे नाव हेर्त्सोगेनआउराख. लोकसंख्या सुमारे २४ हजार. एवढ्याशा वस्तीने तीन जागतिक कंपन्या कशा उभ्या केल्या, त्यांच्या संपत्तीवर गावाचा संसार कसा चालतो आणि त्या संपत्तीबरोबर येणारी जोखीम गाव कशी पेलते, हा जर्मनीच्या प्रादेशिक अर्थव्यवस्थेचा अभ्यास करण्याजोगा अध्याय आहे.

स्थान आणि पूर्वेतिहास

हेर्त्सोगेनआउराख हे दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या फ्रँकोनिया या उत्तरेकडील प्रदेशात, न्यूरेंबर्ग शहराच्या वायव्येस सुमारे २३ किलोमीटरवर वसलेले आहे. पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवर एरलांगेन हे विद्यापीठाचे आणि सीमेन्स कंपनीचे शहर आहे. गावातून आउराख नावाची लहान नदी वाहते आणि पुढे रेग्निट्झ नदीला मिळते. नदी म्हणावी इतके तिचे पात्र मोठे नाही. परंतु गावाच्या विसाव्या शतकातील इतिहासात या ओढ्याएवढ्या प्रवाहाला एखाद्या सरहद्दीचे महत्त्व आले.

गावाचा पहिला लेखी उल्लेख इसवी सन १००२ मधील राजपत्रात सापडतो. २००२ मध्ये गावाने आपली सहस्राब्दी साजरी केली. पुढे हे गाव शतकानुशतके बांबेर्गच्या बिशपच्या अमलाखाली राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बव्हेरियात विलीन झाले. बिशपच्या सत्तेमुळे गाव कॅथलिक राहिले, तर न्यूरेंबर्ग आणि एरलांगेन ही शेजारची शहरे प्रोटेस्टंट पंथाची झाली. जुन्या तटबंदीतील दोन बुरूज, लाकडी चौकटींमध्ये भिंती भरून बांधलेली जुनी घरे, संत माग्दालेना यांचे चर्च आणि दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते आजही गावाच्या मध्यभागी उभे आहेत.

कापडाकडून जोड्यांकडे

मध्ययुगापासून येथील मुख्य व्यवसाय लोकरी कापड विणण्याचा होता. एकोणिसाव्या शतकात यांत्रिक मागांवरील स्वस्त कापड बाजारात आले तेव्हा घरोघरचे हातमाग बंद पडू लागले. विणकरांपुढे दोनच पर्याय उरले, गाव सोडणे किंवा हातातले कसब दुसऱ्या धंद्याला लावणे. अनेकांनी जाड लोकरी कापडाच्या घरगुती सपाता शिवण्यास सुरुवात केली. तेथून पादत्राणांचा व्यवसाय वाढला, कारखाने निघाले आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात काही हजार वस्तीच्या या गावात जोडे शिवणाऱ्या कारागिरांची संख्या शंभरावर गेली होती.

ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. आदिदास आणि प्युमा या कंपन्या एखाद्या प्रतिभावंताच्या कल्पनेतून अकस्मात उगवल्या नाहीत. चामडे कापणारे, तळवे शिवणारे, साचे घडवणारे हात गावात आधीपासून होते. कच्चा माल पुरवणारे व्यापारी आणि तयार माल विकणारे फिरस्तेही होते. एखाद्या लहान गावात एकच कसब पिढ्यान् पिढ्या साचत जाते आणि योग्य वेळ येताच त्यातून उद्योग उभा राहतो, हे जर्मनीत अनेक ठिकाणी घडलेले आहे. झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्या, टुटलिंगेनची शस्त्रक्रियेची हत्यारे आणि ईडार-ओबरश्टाइनचे रत्नांना पैलू पाडण्याचे काम ही त्याचीच उदाहरणे होत.

धुलाईखोलीतला कारखाना

ख्रिस्तोफ डास्लर हे गावातील जोड्यांच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांच्या पत्नी पाउलिना घरामागच्या खोलीत लोकांचे कपडे धुऊन देत. त्यांच्या मुलांपैकी रुडोल्फ १८९८ मध्ये आणि अडोल्फ, म्हणजे घरचा ‘आदी’, १९०० मध्ये जन्मला. आदीने पाव भाजण्याचे काम शिकून घेतले होते. पण त्याचे मन खेळात रमत असे. पहिल्या महायुद्धानंतर हलाखीमुळे आईचा धुलाईचा धंदा बसला, तेव्हा त्याच खोलीत आदीने जोडे शिवण्यास प्रारंभ केला. विजेचा भरवसा नसल्यामुळे चामडे तासण्याचे यंत्र त्याने सायकलला जोडून पायाने चालवले. प्रत्येक खेळाला वेगळा जोडा हवा, हा त्याचा मूळ विचार होता. धावणाऱ्याच्या जोड्याला खिळे हवेत, फुटबॉलपटूच्या जोड्याला पकड हवी, या कल्पना त्या काळात नव्या होत्या.

बोलका आणि व्यवहारी रुडोल्फ १९२३ मध्ये धाकट्या भावाला येऊन मिळाला आणि १ जुलै १९२४ रोजी ‘डास्लर बंधू’ या नावाने कारखान्याची नोंदणी झाली. धाकट्याने जोडा घडवायचा आणि थोरल्याने तो विकायचा, अशी वाटणी होती. १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या लीना राडके यांनी ८०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकले, ते डास्लर जोडे घालून. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवणारे अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स यांच्यापर्यंतही आदीने आपले जोडे पोहोचवले.

याच इतिहासाची दुसरी बाजूही गावाला पुसता आलेली नाही. दोघे भाऊ १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. युद्धाच्या उत्तरार्धात जोड्यांचे उत्पादन बंद करण्यात आले आणि त्याच कारखान्यात रणगाडाविरोधी अस्त्राचे भाग जोडले जाऊ लागले. युद्ध संपल्यावर रुडोल्फला अमेरिकी सैन्याने सुमारे वर्षभर स्थानबद्ध ठेवले. आपल्याविरुद्ध धाकट्या भावानेच कानभरणी केली, असा त्याचा संशय होता. नंतर आदीची नाझीकाळातील वर्तणुकीबद्दल चौकशी झाली तेव्हा थोरल्याने त्याच्याविरुद्ध बाजू मांडली. दोन कुटुंबे एकाच घरात राहत होती, जावांचे पटत नव्हते आणि धंद्याच्या सूत्रांवरून कुरबुरी पूर्वीपासून होत्या. भांडणाचे नेमके कारण कोणते, याविषयी गावात जितकी तोंडे तितक्या कथा आहेत. परिणाम मात्र निश्चित आहे. १९४८ मध्ये भाऊ विभक्त झाले आणि त्यानंतर त्यांच्यात समेट झाला नाही.

वाकलेल्या मानांचे गाव

रुडोल्फ नदीच्या पलीकडे दुसऱ्या इमारतीत गेला. त्याने आपल्या नावातील आद्याक्षरांवरून कंपनीला आधी ‘रुडा’ म्हटले आणि लवकरच ते ‘प्युमा’ असे केले. आदीने आपले घरगुती नाव आणि आडनावाची सुरुवात जोडून ‘आदिदास’ हे नाव घेतले व १८ ऑगस्ट १९४९ रोजी ४७ कामगारांसह नव्या कंपनीची नोंदणी केली. कामगारांनाही बाजू निवडावी लागली. कारखान्यातले कसबी हात बहुतांशी आदीकडे राहिले आणि विक्रीची माणसे रुडोल्फबरोबर गेली.

त्यानंतरची काही दशके गाव दोन तटांत विभागले गेले. नोकरी कोणत्या कंपनीत यावरून कुटुंबाची ओळख ठरे. बेकरी, खाटकाचे दुकान आणि बिअरपानाचे गुत्तेही या किंवा त्या बाजूचे मानले जात. एका बाजूच्या घरातील मुलीने दुसऱ्या बाजूच्या मुलाशी लग्न करणे हा चर्चेचा विषय होई. फुटबॉलचे क्लबही दोन झाले. एएसव्ही हेर्त्सोगेनआउराखला आदिदासचा आधार आणि एफसी हेर्त्सोगेनआउराखला प्युमाचा. रस्त्यात भेटलेल्या माणसाशी बोलण्यापूर्वी लोक खाली मान घालून त्याचे जोडे पाहत, म्हणून या गावाला ‘वाकलेल्या मानांचे गाव’ असे टोपणनाव पडले. रुडोल्फच्या घरी दुरुस्तीच्या कामाला येणारे कारागीर मुद्दाम आदिदासचे जोडे घालून येत, कारण ते पाहून चिडलेले मालक तळघरातून प्युमाचा नवा जोड फुकट घेण्यास सांगत, असा किस्सा आजही सांगितला जातो.

या वैराने गावाचे नुकसान केले की भले, याचे उत्तर सोपे नाही. समोरच्या काठावरचा प्रतिस्पर्धी रोज दिसत असल्यामुळे दोन्ही कारखाने कधी स्वस्थ बसले नाहीत. १९५४ मध्ये बर्न येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने बलाढ्य हंगेरीचा ३-२ असा पराभव केला. पावसाने मैदान चिखलमय झाले होते आणि जर्मन खेळाडूंच्या पायांत आदीने घडवलेले, तळव्याचे स्टड बदलता येणारे हलके बूट होते. युद्धाने खचलेल्या देशाला त्या विजयाने पुन्हा मान वर करता आली आणि आदिदासचे नाव जगभर गेले. प्युमाने १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात उत्तर दिले. सामना सुरू होण्याआधी पेले बुटाची नाडी बांधण्यासाठी खाली वाकले आणि जगभरच्या दूरचित्रवाणीवर त्यांच्या पायातील प्युमा दिसले. १९९० मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघाचे कर्णधार लोथार माटेउस याच गावात वाढले. त्यांचे वडील प्युमात नोकरीला होते आणि स्वतः लोथार त्या बाजूच्याच क्लबमधून पुढे आले.

रुडोल्फ १९७४ मध्ये आणि आदी १९७८ मध्ये वारले. दोघांचीही थडगी गावच्या एकाच दफनभूमीत आहेत, मात्र एकमेकांपासून शक्य तितकी दूर, विरुद्ध टोकांना. प्युमाचे समभाग १९८६ मध्ये बाजारात आले. आदिदासचे सूत्रधार होर्स्ट डास्लर यांच्या १९८७ मधील निधनानंतर ती कंपनीही कुटुंबाच्या हातून गेली आणि १९९५ मध्ये भांडवली बाजारात नोंदवली गेली. मालकी बाहेर गेल्यावर वैराची धार आपोआप बोथट झाली. २१ सप्टेंबर २००९ रोजी, जागतिक शांतता दिनी, दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र फुटबॉल सामना खेळला. संघ मिश्र होते. कंपनीविरुद्ध कंपनी असा तो सामना नव्हता.

तिसरा उद्योग : सुईएवढ्या रुळांचा

जोड्यांच्या कथेमुळे गावातील सर्वांत मोठा रोजगारदाता झाकोळला जातो. विल्हेल्म आणि गेओर्ग शेफलर हे बंधू १९४६ मध्ये येथे आले. ते पूर्वेकडील सायलेशियाच्या भागातून आले होते, जेथे युद्धकाळात त्यांचा कापडाचा कारखाना होता. तो मूळचा एका ज्यू मालकीच्या उद्योगाचा होता. पराभवानंतर तो भाग पोलंडकडे गेला. युद्धोत्तर टंचाईत त्यांनी लाकडी हातगाड्या, गुंड्या आणि पट्ट्यांचे बक्कल बनवण्यापासून सुरुवात केली. १९४९ मध्ये गेओर्ग यांनी एक साधी वाटणारी सुधारणा शोधली. यंत्रातील फिरत्या दांड्याभोवती सुईसारखे बारीक रूळ बसवलेले बेअरिंग पूर्वीही असे. पण रूळ एकमेकांवर घासत आणि तिरके होत. गेओर्ग यांनी प्रत्येक रुळाला स्वतंत्र घर असलेला धातूचा पिंजरा बनवला. त्यामुळे घर्षण घटले, वेग वाढवता आला आणि जागाही कमी लागली. मोटारींच्या गिअरपेटीला असेच बेअरिंग हवे होते. पश्चिम जर्मनीत मोटार उद्योग भरभराटीला आला, त्याबरोबर शेफलरही वाढले.

या कंपनीचा मराठी प्रदेशाशी थेट संबंध आहे. शेफलरने २००१ मध्ये एफएजी ही जुनी जर्मन बेअरिंग कंपनी ताब्यात घेतली. एफएजीचा वडोदऱ्यातील माणेजा येथील कारखाना १९६० च्या दशकापासून चालू आहे. वडोदऱ्याजवळ सावली, पुण्याजवळ तळेगाव आणि तमिळनाडूत होसूर येथेही उत्पादन होते. २०१७ मध्ये भारतातील कंपनीला शेफलर इंडिया हे नाव मिळाले. वडोदऱ्यातील कामगारवस्त्यांमध्ये ‘एफएजी’ हे नाव परिचित आहे. त्या नावाचे आजचे मूळ या फ्रँकोनियन गावात आहे.

गावाची तिजोरी कशी चालते

जर्मनीच्या संविधानाच्या कलम २८ ने गावे आणि शहरे यांना स्थानिक कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार दिला आहे. बव्हेरियात दोन हजारांहून अधिक स्वायत्त नगरे व गावे आहेत. नगराध्यक्ष आणि नगरपरिषद सहा वर्षांसाठी थेट मतदानाने निवडली जाते. त्यांचे उत्पन्न मुख्यत्वे तीन मार्गांनी येते : रहिवाशांच्या आयकरातील १५ टक्के वाटा, जमीन-घरावरील कर आणि व्यवसाय कर. लहान गावांचे भवितव्य बहुधा तिसऱ्या करावर ठरते.

व्यवसाय कर हा नफ्यावर आकारला जातो. नफ्याच्या साडेतीन टक्के इतकी मूळ रक्कम काढून तिला नगरपरिषदेने ठरवलेल्या गुणकाने गुणले जाते. म्हणजे करदराचा काही भाग खुद्द गावाच्या हातात असतो. कंपनीच्या शाखा अनेक ठिकाणी असतील तर कराची वाटणी मुख्यतः प्रत्येक ठिकाणी दिलेल्या वेतनाच्या प्रमाणात होते. जोडे शिवण्याचे काम कधीच आशियात गेले असले, तरी आराखडे काढणारे, विपणन पाहणारे आणि हिशेब ठेवणारे उच्च वेतनाचे कर्मचारी मुख्यालयात आहेत. म्हणून कराचा मोठा वाटा हेर्त्सोगेनआउराखलाच मिळतो. शाळा, बालवाड्या, क्रीडांगणे, जलतरण तलाव आणि रस्ते यांची या गावातील स्थिती त्याच्या आकाराच्या इतर गावांना हेवा वाटावा अशी आहे. वीज व पाणीपुरवठाही गावाच्या मालकीची ‘हेर्त्सो वेर्के’ ही संस्था पाहते.

परंतु हे उत्पन्न नदीच्या पुरासारखे आहे. कंपन्या दर तिमाहीस आगाऊ कर भरतात आणि वर्षाअखेर नफा कमी निघाला तर गावाला ती रक्कम परत करावी लागते. तोवर ती खर्चही झालेली असू शकते. शिवाय प्रत्येक गावाला जिल्ह्याकडे एक वर्गणी भरावी लागते आणि ती दोन वर्षांपूर्वीच्या करउत्पन्नावर ठरते. म्हणजे भरभराटीच्या वर्षाचे देणे दोन वर्षांनी, कदाचित नेमके मंदीत, भरावे लागते. त्यामुळे अशा गावाच्या खजिनदाराचे पहिले कर्तव्य चांगल्या वर्षात राखीव निधी बाजूला काढणे हे असते. कारखान्यातील एका वाईट वर्षाचा फटका बालवाडीच्या नव्या इमारतीला बसू शकतो, ही जाणीव येथील प्रत्येक अंदाजपत्रकामागे असते.

संकटाची एक खूण : २००९

या परस्परावलंबनाचे दर्शन २००९ च्या फेब्रुवारीत घडले. शेफलरने २००८ च्या जुलैत आपल्याहून कितीतरी मोठ्या काँटिनेंटल या टायर व मोटारभाग कंपनीसाठी खुली देकार दिली होती आणि ऑगस्टमध्ये ती प्रतिसमभाग ७५ युरोपर्यंत वाढवली होती. देकाराची मुदत संपत असतानाच सप्टेंबरात अमेरिकेची लीमन ब्रदर्स बँक कोसळली. बाजार गडगडला आणि घाबरलेल्या भागधारकांनी ठरलेल्या किमतीस आपले समभाग शेफलरच्या गळ्यात घातले. कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली दबली. अशा वेळी सुमारे आठ हजार कामगार आणि रहिवासी गावातून मोर्चाने निघाले. हा मोर्चा मालकांविरुद्ध नव्हता. कंपनी वाचवावी, ही त्याची मागणी होती. मालकीण मारिया-एलिझाबेथ शेफलर यांना लोकांसमोर अश्रू आवरले नाहीत. त्याच काळात कुटुंबाने ईगे मेटाल या धातुकामगार संघटनेशी करार करून कामगार प्रतिनिधींना पर्यवेक्षक मंडळात स्थान देण्याचे मान्य केले. कंपनी सावरली आणि २०१५ मध्ये तिचे समभाग बाजारात आले.

शिक्षण, काम आणि फावला वेळ

लहान जर्मन गावात तरुण टिकून राहतात त्याचे एक कारण म्हणजे दुहेरी व्यवसायशिक्षण. शाळा संपवलेला मुलगा किंवा मुलगी कंपनीशी करार करते. साधारण तीन ते साडेतीन वर्षे आठवड्यातील काही दिवस कारखान्यात काम आणि काही दिवस व्यवसायशाळेत अभ्यास चालतो. या काळात विद्यावेतन मिळते. अखेरची परीक्षा उद्योग मंडळ घेते, त्यामुळे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरले जाते. अशा तीनशेहून अधिक व्यवसायांना मान्यता आहे. विद्यापीठात न जाता सन्मानाची नोकरी मिळण्याचा हा मार्ग गावातील मध्यमवर्गाचा पाया आहे.

कामाबाहेरचे जीवन ‘फेराइन’, म्हणजे नोंदणीकृत मंडळांभोवती फिरते. सात माणसे एकत्र आली की मंडळाची नोंदणी करता येते. फुटबॉल, गायन, वाद्यवृंद, बागकाम, नेमबाजी अशा प्रत्येक गोष्टीचे मंडळ असते. अग्निशमन दलही स्वयंसेवकांचेच आहे. भोंगा वाजला की दुकानातला, कार्यालयातला माणूस हातातले काम टाकून धावतो. रविवारी दुकाने बंद असतात; चर्चची घंटा, दुपारचे कुटुंबाचे जेवण आणि जवळच्या रानातील फेरफटका हा दिवसाचा क्रम असतो. शेजारच्या आइशग्रुंड भागातील तळ्यांमध्ये कार्प मासा पाळला जातो आणि सप्टेंबर ते एप्रिल या महिन्यांत तो उभा चिरून, तळून खाण्याची प्रथा आहे. वार्षिक जत्रेला फ्रँकोनियन बोलीत ‘केरवा’ म्हणतात. मूळ चर्चच्या वर्धापनाचा हा उत्सव आता बिअर, भाजलेले सॉसेज आणि पाळण्यांची जत्रा झाला आहे. गोव्यातील फेस्ताशी त्याचे साम्य सहज ध्यानात येते.

सैन्यतळाचे नगर झाले

गावाच्या उत्तरेकडील टेकडीवर नाझी काळात लष्करी विमानतळ बांधला गेला. युद्धानंतर तो अमेरिकी सैन्याकडे गेला आणि शीतयुद्धात तेथून शत्रूच्या रेडिओ संदेशांवर कान ठेवला जाई. १९९२ मध्ये अमेरिकनांनी तळ परत केला. रिकाम्या झालेल्या या विस्तीर्ण जागेवर नवी निवासी वसाहत उभी राहिली आणि आदिदासने आपले मुख्यालय तेथे हलवले. आज तेथे शंभराच्या आसपास देशांतील माणसे काम करतात. गावच्या बेकरीत फ्रँकोनियन बोलीच्या बरोबरीने इंग्रजी ऐकू येते. २०२४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत जर्मन संघाचा मुक्काम याच परिसरात होता.

संपत्तीबरोबर अडचणीही आल्या. घरभाडी वाढली आणि स्थानिक तरुणांना गावातच घर घेणे कठीण झाले. सर्वांत मोठी तक्रार वाहतुकीची आहे. तीन जागतिक मुख्यालयांच्या या गावाला प्रवासी रेल्वे नाही. जुन्या शाखामार्गावरील सेवा १९८४ मध्ये बंद झाली. तेव्हा मोटारगाडी हेच भविष्य मानले जात होते. आता हजारो कर्मचारी रोज बाहेरून मोटारींनी येतात आणि सकाळ-संध्याकाळ रस्ते तुंबतात. न्यूरेंबर्ग, एरलांगेन आणि हेर्त्सोगेनआउराख यांना जोडणाऱ्या ट्रामची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. जून २०२४ मध्ये एरलांगेनच्या नागरिकांनी जनमतात निसटत्या बहुमताने तिला पाठिंबा दिला. बंद केलेली रेल्वे चाळीस वर्षांनी दुसऱ्या रूपात परत आणण्याचा हा खटाटोप आहे.

आजची चिंता

अलीकडच्या वर्षांत तिन्ही कंपन्यांतून एकाच सुमारास नोकरकपातीच्या बातम्या आल्या. विजेवर चालणाऱ्या मोटारींना गिअरपेटीतील कित्येक भाग लागत नाहीत. मोटार उद्योगाच्या या स्थित्यंतरात शेफलरने नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपात सुमारे ४,७०० पदे कमी करण्याची घोषणा केली. त्यांपैकी सुमारे २,८०० जर्मनीतील होती. नफा वाढत असतानाही आदिदासने जानेवारी २०२५ मध्ये मुख्यालयातील ५०० पर्यंत पदे कमी करण्याचे जाहीर केले. विक्री मंदावलेल्या प्युमानेही त्याच वर्षी जगभरातील शेकडो पदांवर कुऱ्हाड चालवली. २०२७ पासून जर्मन राष्ट्रीय संघाचा पोशाख अमेरिकेची नायकी पुरवणार, हा मार्च २०२४ मधील निर्णय तर गावाच्या अभिमानालाच लागला. १९५४ च्या बुटांची आठवण सांगणाऱ्या गावाला हा केवळ कंत्राटाचा प्रश्न वाटणे शक्य नव्हते.

उत्पादन परत मायदेशी आणण्याचा एक प्रयोगही झाला होता. आदिदासने याच प्रदेशातील आन्सबाख येथे यंत्रमानवांच्या साह्याने जोडे बनवणारा कारखाना काढला. परंतु काही वर्षांतच, २०२० मध्ये, तो बंद करून ते तंत्र आशियातील पुरवठादारांकडे वळवण्यात आले. हाताने जोडे शिवण्याच्या कसबावर वाढलेल्या गावात जोडा आता संकल्पनेत जन्मतो आणि व्हिएतनाम किंवा इंडोनेशियात आकार घेतो. गावाकडे उरले आहे ते डोक्याचे काम, आणि ते काम कागदपत्रांसह दुसरीकडे हलवणे यंत्रे हलवण्यापेक्षा सोपे असते.

तरीही हेर्त्सोगेनआउराखच्या बाजूने एक गोष्ट आहे. या गावाने एकदा आपला मुख्य धंदा गमावलेला आहे. हातमाग बंद पडले तेव्हा विणकरांनी सपाता शिवल्या, सपातांतून खेळाचे जोडे निघाले, युद्धानंतर हातगाड्यांच्या कारखान्यातून बेअरिंग निघाले आणि सैन्यतळाचे नगर झाले. प्रत्येक वेळी जुने कसब आणि रिकामी जागा यांचा नवा उपयोग शोधला गेला. पुढील काही वर्षांत नगरपरिषदेपुढील प्रश्न त्याच जातीचे आहेत : परवडणारी घरे, ट्रामचा मार्ग आणि तीन कंपन्यांपलीकडचा रोजगार. चांगल्या वर्षांत मिळालेला व्यवसाय कर या तीन कामांवर किती शहाणपणाने खर्च होतो, यावर गावाचे पुढचे दिवस अवलंबून राहतील.